पाचही बोटं सारखी नसतात

आमच्या गावाला स्वतःचं नाव अजून नीट निवडता आलेलं नाही. नगरपरिषदेच्या पाटीवर भद्रावती, रेल्वेच्या पाटीवर भांदक. दोन्ही चालतात आणि कोणाचं काही अडत नाही. अशा गावातल्या मुलीला "अॅक्रिलिक की जेल, एकच सांग" असं दरडावून विचारणं हा सरळ अन्याय आहे.

विचारणाऱ्या होत्या नागपूरच्या नखांच्या क्लासच्या मॅडम. माझ्या ताईची मुलगी आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड करून बाहेर पडली. तिला थ्रेडिंग, फेशियल, हेअरकट सगळं येतं. पण थ्रेडिंग करणाऱ्या मुली आता प्रत्येक गल्लीत आहेत आणि भुवया माणसाला दोनच असतात. नखं वीस. हा हिशोब तिनं स्वतःच केला. लग्न ठरलेल्या मुली नकली नखं लावायला चंद्रपूरला जातात, हौस मोठी असली तर नागपूरला. हे गिऱ्हाईक गावातच अडवायचं, असं तिनं ठरवलं. तिथपर्यंत सगळं सरळ होतं. मग क्लासचं पत्रक आलं. त्यात अॅक्रिलिकची फी वेगळी, हार्ड जेलची वेगळी, बिल्डर जेल, पॉलीजेल, डिप पावडर या सगळ्या सिस्टीम्सची वेगवेगळी. सगळं शिकायचं म्हटलं तर तेवढ्यात मागच्या खोलीवर स्लॅब पडते, असं ताईचं मत पडलं.

ताईनं बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय काढला. शेळी, शिलाई मशीन, मिरची कांडप म्हटलं की गटात कोणी काही विचारत नाही. नखं म्हटल्यावर रजिस्टर लिहिणाऱ्या बाईनं पेन खाली ठेवला. "नखं तं देवानं फुकट देल्ली ना वो बाई. त्याले कर्ज कायले?" दुसरीनं विचारलं, "तुटली तं हप्ता कोण भरन?" तिसरीचा प्रश्न सगळ्यात व्यवहारी होता: "राशनच्या मशीनवर आंगठा उठते का त्याच्यानं?" अंगठा उठला नाही तर तांदूळ मिळत नाही, आणि आमच्याकडच्या सौंदर्यशास्त्राचं हे पहिलं कलम आहे. भाचीनं सांगितलं की अंगठा बोटाच्या पोटाचा उठतो, नखाचा नाही. कर्ज मंजूर झालं, पण एकाच सिस्टीमपुरतं.

मग सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. मोबाइलवर जी बाई जेल शिकवते तिच्या लेखी अॅक्रिलिक म्हणजे मागच्या शतकातला उद्योग. जी अॅक्रिलिक शिकवते तिच्या लेखी जेल म्हणजे आळशांचं काम. ग्रामोदय संघात, म्हणजे कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या संस्थेत, मातीकाम शिकलेली शेजारची वहिनी म्हणाली की चाकावर हात ठेवायचा तर मुळात नखच नको. ते बरोबर होतं, पण भाचीच्या कामाचं नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचं काम माझ्याकडे आलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या सिस्टीम्स बहुतेक चुलत भावंडं आहेत. अॅक्रिलिकच्या द्रवात इथाइल मेथॅक्रिलेट. जेलमध्ये मेथॅक्रिलेट आणि अॅक्रिलेटचीच मोठी साखळी. या कुळाचा नखाशी संबंध जुळला तो दाताच्या दवाखान्यात. १९५४ साली अमेरिकेत फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं. त्यानं हाताशी होतं ते दातांचं अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमची फॉइल घेऊन तात्पुरतं नख घडवलं. पुढे सगळा धंदा त्यावर उभा राहिला. आमच्या आईची कवळी रात्री ग्लासात पडलेली असते ती याच घराण्यातली. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा गुडघा नागपूरला बदलला, तो ज्या बोन सिमेंटनं हाडाला बसवला तेही याच घराण्यातलं. म्हणजे आईचं हसू, जाऊबाईंची चाल आणि भाचीची नखं यांचं गोत्र एक. हे मी जेवताना सांगितलं. आईनं घास थांबवून कवळी चाचपून पाहिली, बाकी कोणी दाद दिली नाही.

या कुळात एक वाह्यात थोरला भाऊ आहे, मिथाइल मेथॅक्रिलेट. कवळीत आणि गुडघ्यात तो डॉक्टरांच्या नजरेखाली असतो म्हणून नीट वागतो. नखावर आला की इतका कडक होतो आणि इतका घट्ट धरतो, की नख कुठे अडकलं तर प्लॅस्टिक शाबूत राहतं आणि खालचं खरं नख उचकटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७०च्या दशकातच त्याच्यावर कारवाई केली होती. पण स्वस्तात पडतो, म्हणून बिनलेबलच्या बाटलीतून अजून फिरतो. उग्र वास आणि अॅसिटोनमध्ये तासभर बसवूनही न सुटणारं नख ही त्याची ओळख. अॅक्रिलिक शिकायचं तर आधी बाटली वाचायला शिक, एवढं मी भाचीला बजावलं.

तरी निवड काही होईना. निवड करायची तर तुलना हवी, आणि तुलना करायची तर हात हवा. ताईचे हात शेतात आणि धुण्यात. आई म्हणाली, माझं तोंड दिलं तेवढं पुरे. माझ्या शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणजे हात भरपूर दिवस मोकळा. भाचीनं नागपूरच्या एका ओळखीच्या मुलीला दोन दिवस घरी बोलावून घेतलं आणि दोघींनी मिळून माझ्या डाव्या हाताच्या चार बोटांवर चार सिस्टीम्स लावल्या. करंगळी तशीच ठेवली, तुलनेसाठी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांचे प्रयोगप्लॉट असतात तसा माझा पंजा दिसू लागला. वाणाच्या पाट्या रोवायच्या तेवढ्या राहिल्या.

अंगठ्यावर अॅक्रिलिक. ब्रश द्रवात बुडवायचा, पावडरला टेकवायचा, टोकावर एक थेंबगोळी तयार होते, ती नखावर ठेवून पसरायची. हवेत आपोआप घट्ट होते, दिवा लागत नाही. हे सगळं एसीच्या खोलीत बसून शिकवलेलं शास्त्र आहे. उष्णतेनं ही गोळी लवकर आवळते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जाणं ही बातमीही नसते. गोळी ब्रशवरून नखावर पोचायच्या आत निर्णय घेऊन मोकळी. कूलर लावला तर पावडर उडून आईच्या पानाच्या डब्यात. कूलर बंद केला तर तंत्रज्ञ आणि गिऱ्हाईक दोघीही घट्ट व्हायच्या बेतात. डिसेंबरातल्या थंडीत उलटा प्रकार, गार पडलं की अॅक्रिलिकमध्ये स्फटिकाची जाळी धरते. थोडक्यात, अॅक्रिलिकला महाबळेश्वर मानवलं असतं.

वास कुंपण ओलांडून गेला आणि शेजारचे काकाजी आले. काकाजी ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. २०२१ साली फॅक्टरीची कंपनी झाली, पण काकाजींच्या अंगातली फॅक्टरी सरकारीच आहे. त्यांनी दारातूनच विचारलं, "लिक्विड किती आहे? झाकण लावून ठेवता का? अॅसिटोन अन् गॅसची शेगडी यात अंतर किती?" अॅसिटोन सहज पेट घेतो, हे भाचीला माहीत होतं, पण अंतर फुटात सांगता आलं नाही. त्यांनी खिडक्या मोजल्या, दार कोणत्या बाजूला उघडतं ते पाहिलं, आणि संध्याकाळी खोलीबाहेर वाळूच्या दोन लाल बादल्या आणून ठेवल्या. वाळूघाटांचे लिलाव अडलेले असताना वाळू कुठून आणली, हे आम्ही विचारलं नाही.

तर्जनीवर हार्ड जेल. जेलचा स्वभाव वेगळा. हवेत कितीही वेळ ठेवा, सुकत नाही. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली गेलं की पटकन घट्ट. म्हणजे वीज हवी. आता, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा आमच्याच जमिनीखालचा, माजरीची खाण इथून जवळ. मुंबईतल्या कुठल्या पार्लरमधला दिवा आमच्या कोळशावर झगझगत असेल, याचा आम्हाला अभिमान आहे. माझं बोट दिव्याखाली असतानाच वीज गेली.

अर्धवट जेल घेऊन बसायचं किती? जेलला लागणारे अतिनील किरण उन्हातही असतात. भाचीनं मला अंगणात उभं केलं. दुपारचा एक वाजलेला, मी डोक्यावर पदर घेऊन डाव्या हाताची तर्जनी आभाळाकडे धरलेली. रस्त्यानं जाणारा एक पालक सायकलवरून उतरला. "मॅडम, इलेक्शन कधी झालं? शाई वाळवून राहिल्या का?" डाव्या तर्जनीचं हे असं आहे, ती लोकशाहीच्या मालकीची. मी स्वतः मतदान केंद्रावर ड्यूटी केलेली असल्यानं उभ्या उभ्या एक नवीनच काळजी लागली. १९६२पासून आपण वापरतो ती शाई नखावर आणि त्वचेवर ओढायची असते. नखावरचा भाग उद्या जेलवर पडला आणि बाईनं घरी जाऊन फाइलनं घासून काढला तर? त्वचेवरची रेघ राहते म्हणून लोकशाही वाचली. आयोगानं अजून तरी मतदान अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात बिल्डर जेलचा तास ठेवलेला नाही.

अंगणातून आत आले तेव्हा जेल घट्ट झालं होतं. खिडकीत ठेवलेला जेलचा ब्रशही.

मधल्या बोटावरच्या पॉलीजेलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पावडर आणि जेल यांची सोयरीक, ट्यूबमधून येते, वास कमी, दिवा लागेपर्यंत जागेवर थांबते. मधल्या बोटानं मधला मार्ग धरला.

अनामिकेवर डिप पावडर. याचा डिंक मात्र मेथॅक्रिलेट कुळाबाहेरचा. तो सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या घरचा. नखावर डिंक, मग पावडर, मग अॅक्टिव्हेटर. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमाच्या काचेसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. त्याला हे सापडलं. ते दिसेल त्याला चिकटू लागलं म्हणून त्यानं बाजूला टाकलं. हे ऐकून काकाजींचा चेहरा उजळला. "मंजे हे आमच्याच खात्याचं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून डिप पावडरचे एकमेव पुरस्कर्ते झाले. त्यांना फक्त एक गोष्ट पटली नाही, एकाच डबीत सगळ्या बायकांनी बोटं बुडवायची. ती कुणालाच पटू नये. पावडर वाटीत वेगळी काढून घ्यायची, नाहीतर एकीच्या नखाचा संसर्ग दुसरीच्या नखाला फुकट.

करंगळीवर खोबरेल तेल. तिची तक्रार आली नाही.

मग लोणच्याचे दिवस आले. कैऱ्या फोडून आल्या, मोहरीची डाळ, मीठ, तिखट, तेल आणि हळद परातीत पडली, आणि दोन्ही हातांशिवाय ते कालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा प्रयोगप्लॉट पिवळा. अॅक्रिलिक पिवळं, जेल पिवळं, डिप गडद पिवळं. हळदीतला कुर्कुमिन प्लॅस्टिकला असा काही धरतो की साबण हात टेकतो. एक बरं आहे, हा रंग उन्हात उडतो. मी पुन्हा अंगणात. यावेळी चारही बोटं वर, त्यामुळे निवडणुकीचा संशय कोणी घेतला नाही.

भाची मात्र माझ्या पिवळ्या नखांकडे बघत गप्प बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "मावशी, नवरीले हळद लागते ना वं."

खरा प्रश्न तिथे होता आणि नागपूरच्या पत्रकात त्याला रकाना नव्हता. हजारो रुपये देऊन लावलेली दुधी रंगाची नखं आणि दुसऱ्या दिवशी काकू-माम्यांनी मुठी भरभरून लावलेली हळद. नखं हळदीआधी लावली तर लग्नाच्या फोटोत पिवळी. हळदीनंतर लावावी, तर आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत हळद लागलेली नवरी उंबरठ्याबाहेर जात नाही. चंद्रपूर नाही, नागपूर तर नाहीच. शहरातली कितीही मोठी सलूनवाली असो, त्या मधल्या एका रात्री नवरी तिच्या हाती लागत नाही. ती लागते फक्त जी दिवा पिशवीत घालून घरी येईल तिच्या. भद्रावतीतली ती एकच.

असं म्हटल्यावर सिस्टीम्सची छाननी भराभरा झाली. हळदीच्या रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, शेजारच्या खोलीत रश्शाला फोडणी चाललेली असते, तिथे अॅक्रिलिकचा वास निघाला तर वऱ्हाडातला एखादा म्हातारा गॅस गळतोय म्हणून सगळ्यांना बाहेर काढेल. डिप पावडर उडून अक्षतांत. विजेचं सांगता येत नाही, आणि असली तरी एकमेव प्लगवर चार मोबाइल टांगलेले. मग बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, बाटलीतलं बिल्डर जेल, लांबी कमी.

लांबीवरून नवऱ्या मुली वाद घालतात. एकीला वाघासारखी टोकदार हवी होती. आमचा जिल्हा ताडोबाचा, वाघाचं नख म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको. वाघ त्यानं झाडाची साल ओरबाडतो, आणि चालताना ते आत ओढून घेतो. नवरीला ही सोय नाही. तिला मंगळसूत्राच्या हुकापासून उखाण्याच्या घासापर्यंत सगळं बाहेर काढलेल्या नखांनीच निभवावं लागतं.

लांबीचं वेडच असेल तर पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांचं उदाहरण समोर आहे. १९५२ साली त्यांनी डाव्या हाताची नखं कापणं थांबवलं आणि २०१८ साली न्यूयॉर्कला जाऊन कापली. पाच नखं मिळून ९०९.६ सेंटिमीटर, एकट्या अंगठ्याचं १९७.८. दिवा नाही, प्रायमर नाही, कर्ज नाही. भागाकार केला तर अंगठ्याचं नख वर्षाला तीन सेंटिमीटरच पडतं, म्हणजे तुमच्याआमच्याइतकंच. या वाढीवरच तर सगळा धंदा चालतो. दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसू लागते, ती भरायला गिऱ्हाईक परत येतं. चिल्लाळ कधी आले नसते.

जेल निवडल्यावर भाचीला मी एकच धाक घातला. कच्चं जेल कातडीला लागू द्यायचं नाही. उन्हाळ्यात ते पातळ होऊन नखाच्या कडेनं कातडीवर उतरतं, आणि वारंवार लागलं तर मेथॅक्रिलेटची अॅलर्जी बसते. ती जन्मभर सोडत नाही, आणि पुढे दातात भरायच्या सिमेंटशी किंवा गुडघ्याच्या सिमेंटशीही जुळत नाही. आईची कवळी आणि जाऊबाईंचा गुडघा आठवून बघ, म्हटलं. त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी 'हेमा फ्री' लिहिलेली, म्हणजे याच कुळातलं हेमा हे रसायन नसलेली बाटली मागवली. ही हेमा कोण, तिला कोणी धरून ठेवलं होतं, असं ताईनं विचारलं. युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५पासून जेल घट्ट करणाऱ्या टीपीओवर बंदी घातली आहे. ते वाचून भाचीनं त्या बाटल्याही यादीतून काढल्या. काकाजींनी खूश होऊन तिसरी बादली दिली.

एक गोष्ट मात्र क्लासमध्ये कोणी जोरात सांगत नाही. नखं लावण्याइतकीच काढायलाही शिकावी लागतात. हार्ड जेल अॅसिटोनला जुमानत नाही, ते फाइलनंच उतरवावं लागतं. माझ्या तर्जनीवरचं शाळा उघडायच्या आदल्या दिवशीपर्यंत घासणं चालू होतं. अॅसिटोनमध्ये सुटणारं बिल्डर जेल त्यामानानं मऊ मनाचं. आणि आमच्याकडे काढायचं काम लावण्याच्या मागोमाग येतं. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला ड्यूटीवर नकली नखं चालत नाहीत. अंगणवाडीच्या ताईंना मोबाइलवर पोषणाची माहिती भरायची असते. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सासरी कणकेची परात पुढे येते, दिवाळीनंतर कापूस. भाचीनं दरपत्रक केलं त्यात 'लावणे' एका ओळीत आणि 'काढणे' दुसऱ्या ओळीत लिहिलं. ताईला हे अपशकुनी वाटलं. काढण्याचे पैसे आधी घे, असं आई म्हणाली. लग्न झाल्यावर मुलगी सासरी जाते, मग कुठून वसूल करशील?

पहिला हप्ता भरायला भाची स्वतः बैठकीत गेली. रजिस्टर लिहिणाऱ्या बाईनं पैसे मोजले, सही घेतली, रजिस्टर मिटलं आणि मग आपला हात पुढे केला. "पोरीचं लगन आहे पुढच्या महिन्यात. मले बी लावून दे. रंग तो हळदीवाला दे, पिवळा. मंजे मंग लागली तरी कोणाच्या बापाले समजत नाही."

भाचीकडे पिवळा रंग नव्हता. तिनं तिथूनच मागवला.